एआरटी सेंटरची तारीख: गोळ्या घरपोच दिल्या तर काय बिघडेल?

केसपेपर (धागाकर्ती)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर विषय निघाला होता. एचआयव्हीची औषधं सरकार फुकट देतं हे ठीक, पण त्यासाठी माणसाला पुन्हा पुन्हा ओपीडीत कशाला बोलवायचं? पोस्टाने पाठवा, काम संपलं. तिथंच उत्तर लिहायला बसले, पण ते लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एआरटी सेंटरवर (एआरटी म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं) बरीच वर्षं समुपदेशक होते. आता ते काम करत नाही. देशात मोफत एआरटी सुरू झाली १ एप्रिल २००४ ला, आठ सरकारी रुग्णालयांत. आपल्याकडे त्यात मुंबईचं जेजे होतं. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत सेंटरं झाली, तालुक्याला औषध देणारी छोटी लिंक सेंटरं आली. सुरुवातीला सीडीफोर (रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा) २०० च्या खाली गेल्याशिवाय औषध चालू होत नसे. मग ती रेघ ३५० वर आली, नंतर ५०० वर, आणि २०१७ पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सीडीफोर कितीही असो, औषध चालू. त्यामुळे आधी पेशंट झोळीतून यायचे, नंतर नंतर चालत, मोटारसायकलवर, कामावर जाता जाता यायला लागले. सेंटरची गर्दी तशीच राहिली, गर्दीतले चेहरे मात्र पार बदलले.

आता मुद्द्यावर येते. तारखेला आलेल्या माणसाचं काय काय होतं ते बाहेरच्यांना दिसत नाही. आधी वजन. मग चार प्रश्न, न चुकता: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलंय का, रात्री घाम येतो का. एकालाही 'हो' आलं की टीबीची तपासणी. आपल्याकडे एचआयव्ही असलेल्या माणसाचा जीव सगळ्यात जास्त वेळा टीबीच घेतो, म्हणून हे चार प्रश्न. मग बाटली टेबलावर ठेवायची आणि उरलेल्या गोळ्या मोजायच्या. यातही गमती होत्या. गोळ्या जास्त उरल्या तर ताई बोलतील म्हणून काही जण गेटच्या बाहेर, कडुनिंबाखाली, जास्तीच्या गोळ्या टाकून आत यायचे. झाडणाऱ्या मावशी त्या कागदात बांधून आम्हाला आणून द्यायच्या. हिशोब शंभर टक्के जुळलेला आणि मावशींच्या हातात सात गोळ्या! तेव्हापासून मी मोजणीवर कमी आणि बोलण्यावर जास्त भर द्यायला लागले. 'किती चुकल्या?' असं विचारलं की 'एक पण नाही' हेच ऐकायला मिळतं. 'गेल्या आठवड्यात कुठल्या दिवशी गोळी घेणं जमलं नाही?' असं विचारलं की माणूस थांबतो, आठवतो आणि खरं सांगतो.

आणि वागण्याचं म्हणाल, तर पहिल्या दिवशी सांगितलेलं काहीही डोक्यात शिरत नाही. 'बायकोची तपासणी करून घ्या' हे वाक्य एकेका माणसाला मी कितीदा सांगितलंय याला गणती नाही. मान हलवायची, जायचं, पुढच्या तारखेला पुन्हा एकटंच यायचं. मग कधीतरी, वजन चार किलोने वाढलेलं असताना, तोच माणूस बायकोला घेऊन दारात उभा राहतो. मधल्या काळात मी नवीन काही सांगितलेलं नसतं. तो आता मरत नाहीये एवढं त्याला पटलेलं असतं, आणि आपल्याला इथं कुणी हाकलत नाही हेही.

हे पोस्टाने कसं पाठवणार?

---

उगाच_विचारतो

ताई, लेख आवडला. पण शंका आहे, राग मानू नका. औषध मिळतंय, तब्येत सुधारली, आता काही होत नाही असं वाटलं की माणूस बिनधास्त होणार नाही का? म्हणजे तपासणीला बोलावून बोलावून आपण त्याला धडधाकट करायचं आणि तो बाहेर पुन्हा तेच करणार. असं होत असेल तर समाजाचा फायदा कसा?

---

पानाची_टपरी

उगाच, तुमचं नाव सार्थ केलंत.

---

डॉ_आडवाट

प्रश्न टवाळी करण्यासारखा नाही. औषधं स्वस्त झाली तेव्हा ही भीती जगभरच्या डॉक्टरांना होती आणि तिच्यावर भरपूर अभ्यास झालाय.

युगांडातल्या ग्रामीण भागात एक अभ्यास झाला, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एआरटी सुरू केलेल्या लोकांना औषधाबरोबर समुपदेशन, जोडीदाराची तपासणी आणि कंडोम हे सगळं दिलं. सहा महिन्यांनी धोक्याचे लैंगिक संबंध ७० टक्क्यांनी कमी झाले होते, आणि या लोकांकडून दुसऱ्याला लागण होण्याचा अंदाजे धोका ९८ टक्क्यांनी खाली आला होता. यातला मोठा वाटा अर्थातच औषधाने रक्तातला विषाणू कमी झाला त्याचा. पण वागणंही बदललं, आणि उगाच यांना वाटतंय त्याच्या उलट दिशेने बदललं.

दुसरा अभ्यास आपल्या जवळचा. एचपीटीएन ०५२ नावाच्या चाचणीत नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, एक जण पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह अशी. भारतात पुणे आणि चेन्नई ही केंद्रं. २०११ मध्ये निष्कर्ष आला की लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. पुढे युरोपातल्या पार्टनर अभ्यासात तर विषाणू पूर्ण दबलेल्या माणसाकडून जोडीदाराला एकही लागण झालेली आढळली नाही. 'व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) सापडत नाही म्हणजे लैंगिक संबंधांतून लागण होत नाही' हे आम्ही हल्ली ठामपणे सांगतो ते यामुळे.

एक मात्र आहे. लोड सापडतोय की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे २०१८ पासून व्हायरल लोड नेमाने करतात: औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्याला, नंतर वर्षातून एकदा. जो माणूस येतच नाही त्याला आपला आकडाच माहीत नसतो. शिवाय बाकीचे गुप्तरोग हा वेगळा विषय आहे, त्यांना ही गोळी अडवत नाही. 'बिनधास्त' व्हायचंच असेल तर ते रिपोर्ट हातात घेऊन व्हावं.

---

उगाच_विचारतो

डॉक्टर, धन्यवाद. हे माहीत नव्हतं. पानाची टपरी यांना एक मसाला पान माझ्यातर्फे.

---

वळणावरचा

नेहमीचा आयडी हा नाही. या धाग्यापुरता काढलाय. मी पेशंट आहे, २००९ पासून औषधावर.

आधी ट्रकवर होतो, आता स्वतःचा छोटा टेम्पो आहे. सुरुवातीला दिलेल्या गोळीने पायाची अशी आग व्हायची की रात्री ओली फडकी गुंडाळून झोपायचो. गाल आत गेले. गावात लोक तोंडावर विचारायचे. डॉक्टर म्हणाले बदलू, पण मला वाटलं सगळ्याच गोळ्या अशाच असणार. सोडल्या. आठेक महिने कुठे गेलोच नाही. एका बाबाने सहा महिन्यांत निगेटिव्ह करून देतो म्हणून पैसे घेतले, ते वेगळंच. नंतर टीबी निघाला. मानेला गाठी, ताप, वजन ३९ किलो.

परत सेंटरला गेलो तेव्हा मला वाटलं, आता शिव्या पडणार. मॅडमनी केसपेपर काढला, म्हणाल्या, 'आलात ना, बसा. चहा घेतला का?' आजही तेच आठवतं, बाकी काय सांगितलं ते विसरलो.

दारूचं सांगतो. मी पिणारा माणूस. प्रत्येक ठिकाणी 'दारू सोड' ऐकलं. सोडतो म्हणायचो आणि ज्या दिवशी प्यायचो त्या दिवशी गोळी घ्यायची नाही, कारण दारूवर गोळी घेतली तर मरतो असं कुणीतरी सांगितलेलं. आठवड्यात तीन-चार दिवस असेच जायचे. सेंटरच्या मॅडम म्हणाल्या, 'प्यायलात तरी गोळी चुकवू नका. दारूचं आपण नंतर बघू.' मला धक्काच बसला, सरकारी माणूस असं बोलतो? पण गोळ्या नियमित झाल्या. दर तारखेला त्या नुसतं विचारायच्या, 'या महिन्यात किती?' खोटं बोलायला लाज वाटायला लागली, मग आकडाच कमी करत गेलो. पूर्ण सुटली नाही. सणावाराला होते. पण लोड सापडत नाही, तीन वर्षं झाली.

---

केसपेपर

वळणावरचा दादा, मनापासून लिहिलंत. दारूवर गोळी घेतली तर मरतो ही समजूत फार पसरलेली आहे. दारूने लिव्हरचं नुकसान होतं ते होतंच, पण प्यायलेल्या दिवशी गोळी टाळण्याने विषाणूला मोकळं रान मिळतं. पायाची आग करणारी ती जुनी गोळी स्टॅव्ह्युडीन. ती आता पूर्ण बंद आहे.

---

धारूरची_पोर

मी बीड जिल्ह्यातली. माझ्या ओळखीतल्या एका ऊसतोड जोडप्याचं सांगते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते, कारखान्यावर फडात राहायचं ते पार उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. मुकादमाची उचल घेतलेली, एक दिवस खाडा केला तर दंड लागतो. अशा माणसाला 'महिन्याला ये' म्हणजे काय? नांगी टाकणारच तो. ताईंचं सगळं पटतं, पण सेंटरला जायचा दिवस म्हणजे दोघांची मजुरी, एसटीचं भाडं, आणि 'कुठं गेला होता?' या प्रश्नाला रोज नवं उत्तर. यांनी दोन सिझन मधेच औषध सोडलं. आळशी नव्हते हो, दमले होते.

---

फक्त_वाचनमात्र

एचआयव्ही पेशंटला एसटीत सवलत आहे ना?

---

धारूरची_पोर

आहे. कागद कंडक्टरला दाखवावा लागतो. गाडीत निम्मं गाव बसलेलं असतं. मी तरी कुणी वापरलेली पाहिली नाही.

---

डॉ_आडवाट

धारूरच्या ताईंनी दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. धागाकर्तीशी माझा थोडा मतभेद इथेच आहे.

'नियमित' म्हणजे 'महिन्याला' असं समीकरण आपण उगाच धरून बसलो. पहिल्या सहा महिन्यांत हो, तेव्हा जवळून बघावंच लागतं. औषध पचतंय का, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन काय म्हणतं, प्रतिकारशक्ती सुधारायला लागल्यावर लपलेला टीबी डोकं वर काढतो का. पण लोड दबलाय, तब्येत स्थिर आहे, अशा माणसाला दर महिन्याला रांगेत उभं करून काय साधतं? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नाइलाजाने दोन-तीन महिन्यांची औषधं एकदम दिली, काही ठिकाणी कार्यकर्त्यांनी घराजवळ नेऊन पोहोचवली. काही आभाळ कोसळलं नाही. स्थिर पेशंटला तीन महिन्यांचं औषध ही पद्धत म्हणूनच टिकली.

आणि घरपोचचंच म्हणाल तर त्याचीही रीतसर चाचणी झालेली आहे, पुन्हा युगांडातच. जिंजा भागात काही लोकांना दवाखान्यात बोलावलं, काहींना घरी औषध नेऊन दिलं. २००९ मध्ये निकाल आला: विषाणू दबण्यात दोन्ही गटांत फरक नाही. पेशंटचा खर्च मात्र घरपोच गटात बराच कमी.

---

केसपेपर

डॉक्टर, जिंजाचा दाखला तुम्ही माझ्या विरुद्ध दिलात, पण तो माझ्याच बाजूने बोलतोय असं मला वाटतं. तिथं घरी पोस्टमन येत नव्हता. शिकवून तयार केलेला कार्यकर्ता महिन्याला यायचा, तब्येतीचे ठरलेले प्रश्न विचारायचा, गोळ्यांचं बघायचा, काही वावगं दिसलं तर दवाखान्यात पाठवायचा. आणि सहा महिन्यांनी क्लिनिकला जाणं होतंच. म्हणजे इमारत बदलली, विचारणारा माणूस काही काढून टाकला नाही.

माझा हट्ट रांगेसाठी मुळीच नाही. रांग गेली तर मी पेढे वाटीन. तीन महिन्यांनी का होईना, त्या माणसाला नावाने ओळखणाऱ्या कुणीतरी समोर बसून विचारलं पाहिजे, इतकंच. तीन महिन्यांचं औषध देताना आमच्याकडे एक गोष्ट हळूच व्हायची: गर्दी असली की समुपदेशन गाळून बाटल्या हातात द्यायच्या. 'तब्येत बरी ना? बरी. चला पुढचे.' असं चार वेळा झालं की वर्ष गेलं. ते वर्ष मला घाबरवतं.

ऊसतोडवाल्यांसाठी: टोळी निघायच्या आधी सेंटरला सांगितलं तर जास्त दिवसांचं औषध किंवा कारखान्याजवळच्या सेंटरवर सोय करता येते. पण हे त्यांना भाद्रपदातच विचारायला हवं. सप्टेंबरच्या तारखेला 'यंदा कुठल्या कारखान्याला?' एवढा एक प्रश्न. तो विचारला गेला नाही की एप्रिलपर्यंत माणूस गायब.

---

आयुर्वेद_संजीवनी

(संपादक: जाहिरात व फोन नंबर असलेला प्रतिसाद काढून टाकला आहे. सदस्यत्व गोठवले आहे.)

---

वळणावरचा

हाच तो बाबा असेल.

---

मावसबहीण

इथं सगळे मोठ्यांचं बोलताहेत. मी भाच्याचं लिहिते.

मावसबहीण आणि तिचा नवरा दोघंही गेले, मुलगा आजीकडे वाढला. जन्मापासून पॉझिटिव्ह. लहान असताना काही त्रास नव्हता, आजी सकाळ-संध्याकाळ गोळी तोंडात घालायची, 'ताकदीची आहे' म्हणून सांगायची. सेंटरला जायचं म्हणजे त्याची चंगळ, येताना वडापाव आणि बर्फाचा गोळा. दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर प्रश्न सुरू झाले. 'शाळेतल्या कुणालाच ताकद नको का?'

आजीला सांगायचं नव्हतं. सेंटरवरच्या समुपदेशक बाईंनी घाई केली नाही. आधी 'रक्तात एक किडा आहे, गोळी त्याला झोपवते' इतकंच. मग किडा जागा झाला तर काय होतं ते. नाव सांगितलं तोवर तो तेरा वर्षांचा होता, आणि मला वाटतं त्याला आधीच कळलेलं होतं. नववीत हॉस्टेलला गेला. गोळ्या मूळ बाटलीतून काढून व्हिटॅमिनच्या डबीत भरून न्यायचा. तिथं खोलीत आठ पोरं. कुणी समोर असलं की घ्यायचा नाही. आम्हाला फोनवर 'घेतो, घेतो'.

पकडलं कुठं? तारखेलाच. वजन दोन किलो कमी, लोड वाढलेला. बाई रागावल्या नाहीत. विचारलं, 'खोलीत तू एकटा कधी असतोस?' म्हणाला, पहाटे साडेपाचला, बाकीचे झोपलेले असतात, मी पळायला उठतो. तर गोळी तेव्हाची ठरली. नवी गोळी दिवसातून एकदाच आहे, त्यामुळे जमलं. पुढचा लोड सापडला नाही. आता आयटीआय करतोय. सेंटरला एकटा जातो. मी सोबत आले तर लाजतो.

---

डॉ_आडवाट

हे फार मोलाचं लिहिलंत. जन्मापासून बाधित मुलं वयात येताना सगळ्यात जास्त निसटतात. लहानपणी औषध आजीचं काम असतं, अठराव्या वर्षी ते अचानक त्याचं होतं.

त्या एकदाच्या गोळीबद्दल सगळ्यांसाठी. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राविर एकत्र. आधीच्या गोळीतल्या इफाविरेन्झने गरगरायचं, विचित्र स्वप्नं पडायची, ते या गोळीने बरंच थांबलं. पण ॲसिडिटीचं पातळ औषध हिच्याच वेळी घेतलं, किंवा कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या उपाशीपोटी हिच्याच वेळी घेतल्या, तर हिचं शोषण कमी होतं. वजन वाढू शकतं. डायबेटिस असेल आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर त्याचा डोस बघावा लागतो. आता आमचे पेशंट पन्नाशी-साठीला पोहोचलेत. बीपी, शुगर, किडनी, बायकांमध्ये गर्भाशयमुखाची तपासणी, हे सगळं त्या तारखेतच बसवावं लागतं. बाहेरच्या डॉक्टरकडे जाऊन 'मला एचआयव्ही आहे, ही गोळी चालेल का?' असं विचारणारे थोडेच.

मधेच औषध थांबवण्याबद्दल एक. २००६ मध्ये स्मार्ट नावाच्या चाचणीत, ५,४७२ लोकांत, सीडीफोर चांगला असेल तेव्हा औषधाला सुट्टी द्यायची, घसरला की पुन्हा सुरू करायचं, असं करून पाहिलं. चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. सुट्टीवाल्यांमध्ये मृत्यू जास्त, आणि हृदयाचे, किडनीचे, लिव्हरचे त्रासही जास्त. 'बरं वाटतंय, थोडे दिवस आराम देतो शरीराला' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

---

उगाच_विचारतो

अजून एक, शेवटचा. मावसबहीण यांनी लिहिल्याप्रमाणे सगळीकडे प्रेमळ बाई असतात का? माझ्या शेजारच्या एचआयव्ही असलेल्या काकूंना एका दवाखान्यात साध्या डोळ्याच्या ऑपरेशनला 'तुमचं शेवटी करू' म्हणून दिवसभर बसवून ठेवलं होतं. पुढे त्या कुठल्याच डॉक्टरकडे जाईनात.

---

केसपेपर

नसतात. सेंटरवरही नसतात, खोटं कशाला बोलू? एकदा पट्टेवाल्याने रांगेत मोठ्याने 'एचआयव्हीवाले इकडे' म्हटलं की पाच जण गेटवरूनच परत जातात, आणि त्यांना परत आणायला आउटरीचच्या, म्हणजे घरोघर जाऊन भेटणाऱ्या मुलांना सहा-सहा महिने लागतात.

२०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, दुजाभाव करता येत नाही, संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही. काकूंना तक्रार करायची असेल तर मोठ्या रुग्णालयांत त्यासाठी तक्रार अधिकारी नेमावा लागतो. आधी चौकशी करायची असेल तर १०९७ वर फोन लावा, फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. पण त्याआधी, उगाच भाऊ, काकूंच्या एआरटीच्या तारखा चालू आहेत का ते बघा. डोळ्याच्या रागापायी तेही सोडलं असेल तर पहिलं काम ते.

---

उगाच_विचारतो

विचारलं. दिवाळीपासून गेलेल्या नाहीत. आता गेल्या तर बोलणी खावी लागतील म्हणून घाबरतायत. नवीन केसपेपर काढावा लागेल का?

---

केसपेपर

नाही. जुना नंबर तोच राहतो. सेंटरने दिलेलं हिरवं पुस्तक सापडलं तर न्या, नाही सापडलं तरी नावावरून काढतात. घरात उरलेल्या गोळ्या असतील त्या बाटलीसकट न्या, मोजायला नाही, कोणती होती ते कळायला. स्वतःच्या मनाने आज पुन्हा सुरू करू नका म्हणावं, आधी डॉक्टरांना दाखवा. खोकला-ताप असेल तर पोहोचल्या पोहोचल्या सांगायचं, रांगेत थांबायचं नाही. सोमवारी गर्दी असते, शक्यतो मधल्या वारी जा. तुम्हाला जमत असेल तर सोबत जा, आणि बाहेरच्या बाकावर बसा, आत त्यांना एकटीला बोलू द्या.